वाळूच्या कणांमधले प्राणिजग

१/ धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही येथील तेर, म्हणजे प्राचीन तगर, सागरी व्यापाराच्या इतिहासात ठळकपणे येते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथानुसार तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई. किनाऱ्यावर उतरणाऱ्या त्या व्यापाऱ्यांच्या पायाखाली एक अख्खे प्राणिजग नांदत होते. पण ते पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा होता.

२/ वाळूच्या कणांमध्ये पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. तेथील सूक्ष्म प्राण्यांना १९४२ साली ब्रिटिश संशोधक मॉली मेअर यांनी ‘मायोबेंथॉस’ हे नाव दिले; त्यांनाच मायोफॉना असेही म्हणतात. एक मिलिमीटरच्या चाळणीतून गळणारे, पण त्याहून कितीतरी बारीक जाळीवर अडकणारे, ते मायोफॉना.

३/ ही विभागणी आकाराची आहे, नात्याची नव्हे. सूत्रकृमी, कोपेपॉड, जलअस्वले असे परस्परांपासून दूरचे गट त्यात येतात. चिंचोळ्या जागेत राहून अनेकांची शरीरे सारखीच लांबट झाली. त्यामुळे रूपावरून वर्ग ठरवणारा सहज फसतो.

४/ भारतात १९४४ साली अय्यर व अलीकुन्ही यांनी मद्रास किनाऱ्यावरील अशा वलयी कृमींचे वर्णन केले. १९६०च्या दशकात गणपती व जी. सी. राव यांनी वाल्टेरची वाळू अभ्यासली. पुढे राव यांनी अंदमान व लक्षद्वीपच्या पुळणी धुंडाळल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील अन्सारी व परुळेकर यांनी १९८१ साली अंदमान समुद्रातील मायोफॉनाची नोंद प्रसिद्ध केली.

५/ बेटांनी एक कोडे घातले. यांतील बहुतेक प्राण्यांच्या पिलांना पोहत दूर जाण्याची अवस्थाच नसते. मग एकच जाती हजारो किलोमीटर दूरच्या बेटांवर कशी? डीएनए तपासणीने काही उत्तरे दिली: ‘एक’ समजलेल्या काही जाती प्रत्यक्षात अनेक निघाल्या.

६/ १९८३ साली तर डॅनिश शास्त्रज्ञ क्रिस्टेन्सन यांनी लॉरिसिफेरा हा संपूर्ण नवा प्राणिसंघ जगापुढे मांडला. त्याचे नमुने फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील समुद्रतळातून मिळाले होते.

७/ नदीच्या वाळूतही सूत्रकृमी व कोपेपॉड असतात. आपल्याकडे मात्र वाळू ब्रासवर मोजली जाते. उपसलेल्या प्रत्येक ब्राससोबत किती जीव गेले, याचा हिशेब कोणत्याही पावतीवर नसतो. ज्यांची नावेच लिहिली गेली नाहीत, त्यांचे नाहीसे होणेही इतिहासात नोंदले जात नाही.