फोर्ट विल्यममधील वनस्पतिनामे आणि कर्करोगाचा प्रश्न

इ. स. १८१४ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून दोन पुस्तके बाहेर पडली. एक, फोर्ट विल्यम महाविद्यालयातील वैजनाथ शर्मा यांची मराठी ‘सिंहासनबत्तिशी’. दुसरे, विल्यम रॉक्सबर्ग यांचे ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’, म्हणजे कलकत्त्याजवळील शिबपूरच्या कंपनीबागेतील सुमारे साडेतीन हजार वनस्पतींची यादी. पहिल्याची नोंद मराठी गद्याचा इतिहासकार आवर्जून करतो. दुसरे तो वनस्पतिशास्त्रज्ञांकडे सोपवतो. दोहोंमागे विल्यम कॅरी हे एकच नाव आहे. महाविद्यालयात ते बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी टाइपातील मराठी कोश प्रसिद्ध झाला होता. रॉक्सबर्ग मायदेशी गेल्यावर त्यांची यादीही कॅरी यांनीच प्रस्तावना जोडून छापली. (ज्या किल्ल्याचे नाव या महाविद्यालयाने घेतले, त्याला अलीकडे कोकणातील ‘विजयदुर्ग’ या मराठी आरमारी किल्ल्याचे नाव देण्यात आले आहे.)

कोशकार्य आणि बागेची यादी ही कामे एकाच जातीची होती. शास्त्रीय नावाशेजारी देशी नाव मांडताना ‘हे म्हणजेच ते’ असे विधान केले जाते. जॉन फ्लेमिंग यांनी १८१० मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये दिलेली हिंदी औषधी वनस्पतींची सूचीही याच विधानावर उभी आहे. वनौषधींच्या अर्काने कर्करोग टाळता येईल काय, या आजच्या प्रश्नाच्या मुळाशीही अशीच दोन समीकरणे आहेत: एक रोगनामाचे, दुसरे वनस्पतिनामाचे. दोन्ही तपासून घ्यावी लागतात.

प्रथम रोगाचे नाव. ‘कर्करोग’ हा शब्द खेकड्याचा अर्थ असलेल्या ग्रीक-लॅटिन नावाचे भाषांतर आहे. प्राचीन वैद्यकात तो शोधून उपयोग नाही. तेथे ‘अर्बुद’ भेटते. सुश्रुतसंहितेत अर्बुद म्हणजे वाटोळी, स्थिर, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ. तिचे काही प्रकार असाध्य मानले आहेत. हे वर्णन घातक गाठीशी जुळते, तसेच निरुपद्रवी गाठीशीही जुळते. ‘अर्बुद म्हणजेच कॅन्सर’ असे एकदा भाषांतर केले की अर्बुदावर सांगितलेली प्रत्येक वनस्पती कर्करोगावरचे औषध ठरते. ही चूक प्रयोगशाळेतली नसून भाषांतरातली आहे, आणि तिची किंमत उपचारांना उशीर करणारा रुग्ण मोजतो.

वनस्पतिनामाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. सह्याद्रीतील नरक्या हे लहानसे झाड घेऊ. त्याच्या उग्र दुर्गंधीमुळे हे मराठी नाव पडले. ‘मॅपिया फीटिडा’ या जुन्या लॅटिन नावातही तीच दुर्गंधी आहे. आजचे ‘नॉथापोडायटिस निमोनियाना’ हे नाव निमो या गृहस्थांचे स्मरण करते आणि ते जॉन ग्रॅहम यांच्या १८३९ च्या मुंबईच्या वनस्पतिसूचीपर्यंत मागे जाते. या तिन्ही नावांत औषधाचा मागमूस नाही. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडले. त्यापासून घडवलेली टोपोटेकान व आयरिनोटेकान ही औषधे १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. ती उपचाराची औषधे आहेत, प्रतिबंधाची नव्हेत, आणि त्यांच्या शोधाला कोणत्याही निघंटूने वाट दाखवली नव्हती. पुढे मागणी वाढली आणि सह्याद्रीतील नरक्याची बेसुमार तोड झाली. याच झाडाला ‘अमृता’ही म्हणतात, पण संस्कृत ग्रंथांतली अमृता ही बहुधा गुळवेल असते. केवळ नावावर विसंबणारा वाचक येथे हमखास फसेल.

हळदीच्या बाबतीत नावाचा घोळ नाही. तेथे अडचण वेगळी आहे. रॉक्सबर्ग यांची यादी छापली गेली त्याच्या पुढल्याच वर्षी, १८१५ मध्ये, फोगेल आणि पेल्तिए यांनी हळदीतील पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, वेगळे केले. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत अझुइने आणि भिडे यांनी १९९२ मध्ये दाखवले की रसायनांनी उंदरांत निर्माण केलेल्या जठराच्या व त्वचेच्या गाठी हळदीमुळे कमी होतात. माणसांत मात्र कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि त्याने कर्करोग टळतो हे सिद्ध झालेले नाही. उंदरापासून माणसापर्यंतचे हेही एक भाषांतरच म्हणावे लागेल. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. गाजरातले द्रव्य गोळीत आल्यावर गाजरासारखे वागत नाही.

तौलनिक अभ्यासकाने यात लक्ष घालावे असे सुचवताना एका ग्रंथाकडे बोट दाखवावेसे वाटते. ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ हा कीर्तिकर-बसू यांचा ग्रंथ आजही औषधी वनस्पतींवरील शोधनिबंधांत उद्धृत होतो. त्यातले बामनदास बसू बंगाली; कान्होबा रणछोडदास कीर्तिकर मराठी, व्यवसायाने लष्करी वैद्य, आणि १९०९ च्या बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’वरून ‘इंदिरा’ हे काव्य रचणारा कवी आणि वनस्पतींच्या अनेक भाषांतील नावांची सांगड घालणारा वैद्य हे एकच गृहस्थ होते. तरी आपल्या वाङ्मयेतिहासात ‘इंदिरा’ची नोंद होते आणि या ग्रंथाची होत नाही. कीर्तिकर १९१७ मध्ये वारले. ग्रंथ १९१८ मध्ये अलाहाबादच्या पाणिनि कार्यालयातून निघाला.