आजोबांचं कळसदर्शन

परवा पंढरपूरला जाऊन आलो. वारीबिरी नाही, असंच, गर्दी कमी असते अशा दिवसांत. महाद्वारापाशी बराच वेळ उभा राहिलो आणि एक जुनी गोष्ट मनात घोळत राहिली. घरच्या काही मंडळींना ती इथे लिहिलेली आवडणार नाही, पण लिहितोच.

मी सात-आठ वर्षांचा असताना आजी-आजोबांबरोबर कार्तिकीला जायचो. आजी दर्शनाला आत जायची. आजोबा मला घेऊन बाहेरच थांबायचे. नामदेव पायरीसमोर उभं राहून, मान वर करून कळसाला हात जोडायचे. बस्स, झालं दर्शन! वारकऱ्यांत कळसदर्शनाची रीत जुनीच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गर्दीचा त्रास होत असेल, असं वाटायचं.

खरं कारण खूप उशिरा कळलं.

१ मे १९४७ ला साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं, एवढीच मागणी. त्याआधी त्यांनी त्यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला होता. उपोषण दहाएक दिवस चाललं आणि देऊळ उघडण्याचं आश्वासन मिळाल्यावर सुटलं. त्याच वर्षी देऊळ खुलं झालं. पण सगळ्यांना ते रुचलं नाही. विठ्ठलाचं तेज मूर्तीतून काढून घागरीत ठेवल्याची गोष्ट पंढरपुरात अजून सांगतात. म्हणजे आता आत जाल तर नुसता दगड!

आमचे आजोबा हे मानणाऱ्यांपैकी होते. १९४७ नंतर त्यांनी देवळात पाऊल टाकलं नाही.

आता गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर). आजोबा जिथे उभे राहायचे, तिथेच चोखोबांची समाधी आहे. चोखामेळा मंगळवेढ्याचे, जातीने महार. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांची हाडं ओळखून काढली. कशी? ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं ती चोखोबांची. ती आणून महाद्वाराशी समाधी बांधली. हयातीत ज्याला आत येऊ दिलं नाही, तो मेल्यावरही बाहेरच, पण दारातच. पुढे नामदेवही त्याच दारात पायरी होऊन राहिले. संतांची पायधूळ मिळावी म्हणून, असं म्हणतात. प्रत्यक्षात त्या पायरीवर कोणी पाय देत नाही, लोक तिच्यावर डोकं टेकतात.

आत चौऱ्यांशीचा शिलालेख आहे, १२७३ ते १२७७ मधला, रामदेवराव यादवाच्या काळातला. देवळाला देणग्या देणाऱ्यांची त्यावर नोंद आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशीचा फेरा चुकतो, म्हणून लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाठी घासल्या. अक्षरं झिजली बिचारी. कोणी किती दिलं हे त्यावर कोरलेलं आहे. कोण बाहेर राहिलं, ते मात्र महाद्वाराशी जाऊनच बघावं लागतं.

तर सहाशे वर्षांपूर्वी चोखोबांना जिथे थांबवलं, तिथे आमचे आजोबा आपणहून जाऊन उभे राहिले. कोणी अडवलं नव्हतं. उलट दार सताड उघडं होतं. ते उघडं होतं हाच तर त्यांचा राग. समाधी त्यांच्यापासून चार पावलांवर. तिच्याकडे त्यांनी कधी नीट पाहिलं की नाही, मला आठवत नाही.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क नाकारले, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी सर्व जातींच्या लोकांकडून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागवले. आजोबा तेव्हा असते तर काय म्हणाले असते, ते मला चांगलं ठाऊक आहे. असो.

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. आजी दर्शन घेऊन बाहेर आली, की तिच्या चिमटीत बुक्का असायचा. आतला. ती काही न बोलता आधी माझ्या कपाळाला लावायची, मग आजोबांच्या. आणि ते लावून घ्यायचे. डोळे मिटून, मान किंचित खाली करून.

त्यांचं यावर कधी काही बोलणं झालं होतं का? थोरल्या आत्याला माहीत असेल. ती हे वाचत असेल, तर तिने मला फोन करावा.