नगरपालिकेची परिचारिका

आजारी मुलाला शाळेच्या दारातून परत पाठविण्यास फारसे काही लागत नाही. एक डॉक्टर, एक नियम आणि एक चिठ्ठी एवढे असले की काम भागते. पण ते मूल घरी परतल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न मात्र नियमात लिहिलेला नसतो. आज नगरपालिकांच्या आणि जिल्ह्याच्या आरोग्यखात्यांच्या पदरी असलेली परिचारिका रोग्याची वाट पाहत रुग्णालयात बसून राहत नाही. पिशवी खांद्याला लावून ती स्वतः त्याच्या दारी जाते. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणे एके काळी कोणाला तरी मुद्दाम सुचावी लागली, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका इंग्लंडात दिसते. लिव्हरपूलचे धनिक व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी सन १८५९ मध्ये मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला पगार देऊन त्या शहरातील दरिद्री वस्तीत धाडले. तथापि तो धर्मादाय होता. पैसा रॅथबोन यांचा, इच्छाही त्यांचीच. करदात्यांच्या पैशातून पगार घेणारी आणि शहराचे काम म्हणून घरोघर हिंडणारी परिचारिका कशी निर्माण झाली, हे पाहावयाचे तर आपणांस अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेले पाहिजे.

सन १९०० च्या शिरगणतीत न्यूयॉर्कची वस्ती सुमारे ३४ लाख भरली. त्यातील लोअर ईस्ट साइड हा भाग म्हणजे रशियातून छळ सोसून आलेले यहुदी आणि दक्षिण इटलीतून पोटासाठी आलेले शेतकरी यांनी खच्चून भरलेल्या पाच-सहा मजली चाळींचे रान. आतल्या खोल्यांना उजेड नाही, जिने अंधारे, आणि पुष्कळ बिऱ्हाडांत राहण्याच्या खोलीतच कपडे शिवण्याचा धंदा चालू. आपल्या गिरणगावातल्या चाळींचे वर्णन ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे चित्र परके वाटू नये.

या मुलखातील शाळांतून रोग पसरू नये म्हणून शहराच्या आरोग्यखात्याने सन १८९७ पासून डॉक्टर पाठविण्यास प्रारंभ केला. हे डॉक्टर रोज थोडा वेळ येत, मुले नजरेखालून घालीत आणि जात. सन १९०२ मध्ये सेथ लो हे नगराध्यक्ष झाले. त्यांनी आरोग्यखात्याची सूत्रे अर्न्स्ट लेडर्ले या गृहस्थांकडे दिली. हे लेडर्ले वैद्य नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते; पण कामाला कडक. तपासणी आता खरोखरीची होऊ लागली. डोळ्यांत खुपऱ्या आढळल्या, मूल बाहेर. डोक्यावर गजकर्ण, बोटांच्या बेचक्यांत खरूज, केसांत उवा, मूल बाहेर. त्या वर्षीच्या एकट्या सप्टेंबर महिन्यात शाळांतून १०,५६७ वेळा मुले वर्गाबाहेर काढण्यात आली.

कागदावर हा मोठाच पराक्रम होता. प्रत्यक्षात काय झाले? मुलाच्या हाती जी चिठ्ठी दिली होती ती इंग्रजीत होती, आणि ती वाचणारे घरी कोणी नव्हते. वाचली तरी औषध कोठून आणावे, ते कसे लावावे, आणि त्यासाठी दिवसाची मजुरी कोणी बुडवावी, याचे उत्तर चिठ्ठीत नव्हते. ते मूल दिवसभर रस्त्यावर उंडारे आणि शाळा सुटली की ज्या सोबत्यांना त्याचा संसर्ग होऊ नये म्हणून त्याला हाकलले होते, त्यांच्याच गळ्यात गळा घालून खेळे! संसर्ग थांबला नाहीच. शिक्षण तेवढे थांबले.

हे ज्या बाईच्या ध्यानात आले तिचे नाव लिलियन वाल्ड. सन १८६७ मध्ये सिनसिनाटी येथे जन्मलेली, सुखवस्तू घरातली, आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेली ही तरुणी सन १८९३ मध्ये लोअर ईस्ट साइडमध्ये स्त्रियांना गृहशुश्रूषेचे धडे देत होती. एके सकाळी एक लहान मुलगी वर्गात आली आणि आपल्या बाळंतीण आईकडे चला म्हणून विनवू लागली. वाल्डबाई तिच्यामागून मोडक्या जिन्याने वर गेल्या, आणि त्यांनी जे पाहिले त्यानंतर त्या त्या वस्तीतून परत आल्याच नाहीत. मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह त्यांनी तेथेच बिऱ्हाड केले. दोन वर्षांनी जेकब शिफ या पेढीवाल्याच्या साहाय्याने हेन्री स्ट्रीटवर घर मिळाले आणि तेथे परिचारिकांचे एक कुटुंबच वसले. या परिचारिका कोणत्याही धर्मसंस्थेच्या नव्हत्या; रोग्याचे कोणीही माणूस त्यांना सरळ बोलावू शके. एका चाळीचे जिने उतरून दुसरीचे चढण्यापेक्षा गच्चीवरून गच्चीवर ओलांडून जाण्याची त्यांची रीत होती, आणि काळी पिशवी घेऊन कठडा ओलांडणाऱ्या परिचारिकेचे त्या काळचे छायाचित्र पुढे बरेच प्रसिद्ध झाले.

वाल्डबाईंनी आपल्या पुस्तकात एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत दिली आहे. त्याच्या डोक्यावर इसब होता. त्यापायी त्याला शाळेने कधी आतच घेतले नव्हते. आईने दवाखान्यांचे उंबरठे झिजविले होते, औषधेही आणली होती. पण ती नीट लावणे तिला साधले नव्हते. परिचारिकेने ते काम हाती घेतले आणि त्या मुलाने आयुष्यात प्रथमच शाळा पाहिली. डॉक्टरचे निदान चुकले नव्हते, औषधही योग्यच होते. उणीव होती ती या दोहोंच्या आणि त्या डोक्याच्या मधल्या अंतराची.

सन १९०२ च्या शरद ऋतूत वाल्डबाईंनी आरोग्यखात्यापुढे एक प्रस्ताव ठेवला: आमची एक परिचारिका एक महिना शाळांना देतो. येथवर यात विशेष काही नाही. दानशूर संस्था अशी मदत देतच असतात. विशेष आहे ते त्यांनी घातलेल्या अटीत. हा प्रयोग यशस्वी झाला तर डॉक्टरप्रमाणे परिचारिकेचाही पगार सरकारी तिजोरीतून मिळावा म्हणून आम्ही आपले वजन खर्च करू, असे वचन त्यांनी शहराच्या अधिकाऱ्यांकडून आधी घेतले. मला या सबंध इतिहासात ही अट सर्वांत मोलाची वाटते. दयाळू माणसे पुष्कळ असतात. आपली दया आपल्या हातून निघून लोकांच्या हक्कात जमा व्हावी, अशी व्यवस्था आधीच करून ठेवणारी थोडी. देणगीवर चालणारी परिचारिका देणगीदाराचा उत्साह ओसरताच नाहीशी होते. आणि जोवर ती आहे तोवर शहराला आपले कर्तव्य विसरण्याची सोय होते, हे आणखी वाईट.

या कामासाठी निवडलेल्या परिचारिकेचे नाव लिना रॉजर्स. ही मूळची कॅनडाची. टोरोंटोच्या बालरुग्णालयात शिकलेली. १ ऑक्टोबर १९०२ रोजी तिच्याकडे चार शाळा सोपविण्यात आल्या. रोज प्रत्येक शाळेत जावयाचे, डॉक्टरने वेगळी काढलेली मुले पाहावयाची, आणि ज्यांचा रोग मलम, धुणे व पट्टी यांनी आवरण्यासारखा असेल त्यांचा उपचार तेथल्या तेथे करून त्यांना वर्गात बसवावयाचे. ज्यांना घरी पाठविणे भागच असे, त्यांच्यामागून तिने घरी जावयाचे. तेथे आईला केस कसे धुवावेत हे सांगावयाचे नाही. तिच्यासमोर धुऊन दाखवावयाचे. घरातली इतर भावंडेही त्याच रोगाने ग्रासलेली असत, हे शाळेच्या डॉक्टरला कधीच दिसले नसते.

महिना संपला तेव्हा वाद उरला नव्हता. शहराच्या अंदाजपत्रक मंडळाने परिचारिकांसाठी ३०,००० डॉलर मंजूर केले आणि वर्षअखेर बारा परिचारिका नेमल्या गेल्या. सप्टेंबर १९०३ मध्ये शाळाबाहेर काढण्याचे प्रसंग १,१०१ वर आले. हा आकडा पुढे शेकडो व्याख्यानांतून फिरला आणि अजूनही फिरतो. त्याकडे थोड्या सावधपणे पाहावे असे मला वाटते. एका वर्षात रोग नऊ-दशांशाने घटला, असा त्याचा अर्थ नव्हे. खुपऱ्या आणि खरूज इतक्या आज्ञाधारक नसतात. बदलला होता तो रोगाशी वागण्याचा नियम. पूर्वी ज्याला हाकलीत त्याला आता वर्गात ठेवून बरे करीत. पण ज्याचे वर्ष फुकट जात होते त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर हा फरक लहान नव्हता.

येथे आपल्याकडील एका घटनेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर पाठविण्यास ज्या वर्षी प्रारंभ झाला, त्याच सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. तेथेही शासनाने घराचा उंबरठा ओलांडला. पण ओलांडणारे गोरे सोजीर होते. त्यांनी देव्हारे आणि माजघरे कशी तुडविली, आणि २२ जून रोजी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी कशी झाडली गेली, हे आपण सर्व जाणतोच. रोगी शोधून काढलाच पाहिजे, हा दोन्हीकडचा हेतू एकच. फरक होता तो दारात उभ्या राहणाऱ्या माणसाचा, आणि ते माणूस आपल्याला न्यावयास आले आहे की आपल्याकडे यावयास, या घरच्यांच्या समजुतीचा. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च रोजी प्लेगनेच वारल्या. पुण्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. पुण्याच्या राज्यकर्त्यांना त्याची गरज भासली नाही.

न्यूयॉर्कच्या परिचारिकेलाही दार नेहमी सुखाने उघडले गेले असे मात्र समजू नये. तिची भाषा निराळी, रीत निराळी. बाळाला घट्ट गुंडाळून ठेवणे ही इटालियन आईची पिढ्यान्‌पिढ्यांची माया. ती परिचारिकेच्या दृष्टीने अडाणीपणा. सर्वच परिचारिका नम्र होत्या असेही नाही. शहराच्या पगारावर येणारी बाई मदतीला येते आणि पाहणीलाही येते, हे गरिबाला चटकन कळते. आणि हा दुहेरीपणा या पेशातून आजतागायत गेलेला नाही.

शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली की या परिचारिका मोकळ्या होत. या साध्या गोष्टीतून पुढचे पाऊल पडले. आरोग्यखात्यात जोसेफिन बेकर नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. उन्हाळा आला की उघड्या डब्यातले दूध नासे आणि तान्ही मुले अतिसाराने भराभर मरत. ते मृत्यू मोजणे हेच आरोग्यखात्याचे काम होऊन बसले होते. सन १९०८ च्या उन्हाळ्यात बेकरबाईंनी शाळांच्या तीस परिचारिका मागून घेतल्या आणि लोअर ईस्ट साइडमधला, बहुतांशी इटालियनांचा, एक अत्यंत गलिच्छ विभाग निवडला. जन्मनोंदणीच्या कचेरीतून रोज सकाळी नव्या जन्मांची यादी यावयाची आणि लगेच परिचारिकेने त्या घरी पोहोचावयाचे. बाळ धडधाकट असे आणि ही बाई दारात उभी! काय सांगावयाची? अंगावरचेच पाजा, खिडकी उघडी ठेवा, रोज न्हाऊ घाला, उन्हाळ्यात कपडे विरळ घाला, थोडे बाहेर मोकळ्या हवेत न्या. यात विद्या अशी कोणती? पण बेकरबाईंनी आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे की, त्या विभागात आदल्या उन्हाळ्यापेक्षा १,२०० बालके कमी दगावली. दोन उन्हाळे सारखे नसतात, हे ध्यानात घेऊनही हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. निदान शहराने तो दुर्लक्षिला नाही. त्याच वर्षी बालारोग्याचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि बेकरबाई त्याच्या प्रमुख झाल्या. स्त्रीच्या हाताखाली काम करणे नको म्हणून सहा डॉक्टरांनी राजीनामे पुढे केले. एक महिना राहून पाहा, असे त्या म्हणाल्या. सहाही राहिले.

पुढे ब्रुकलिनमधील काही डॉक्टरांनी नगराध्यक्षांकडे अर्ज केला की, हा विभाग बंद करावा, कारण तो बालकांना निरोगी ठेवून आमचा धंदा बुडवीत आहे. अर्ज बेकरबाईंकडे अभिप्रायासाठी आला, तेव्हा आपल्या कामाची एवढी मोठी स्तुती आजवर कोणी केली नव्हती, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

लिना रॉजर्स मात्र तोवर न्यूयॉर्कात राहिल्या नव्हत्या. सन १९१० मध्ये टोरोंटोच्या शिक्षणमंडळाने त्यांना स्वदेशी बोलाविले आणि तेथल्या शाळांत हीच व्यवस्था उभारण्याचे काम दिले. सन १९१७ मध्ये त्यांनी शाळेच्या परिचारिकेविषयी पुस्तक लिहिले. ही परिचारिका शाळेची की आरोग्यखात्याची, हा वाद तेव्हाही रंगला होता. त्याच सुमारास टोरोंटोने तो आरोग्यखात्याच्या बाजूने सोडविला, आणि सकाळी मुलांची डोकी तपासणाऱ्या परिचारिका दुपारी पूर्वीप्रमाणेच जिने चढत राहिल्या.