लिपीचे नाव

पत्र पोचते, शाईही पुसलेली नसते, आणि तरीही वाचणाऱ्यास एक शब्द उमगत नाही. संगणकावरील मराठीवर हा प्रसंग वर्षानुवर्षे येत असे.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, अंक ठाऊक असतो. कोणत्या अंकाचे कोणते अक्षर, हा केवळ संकेत होय. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीला स्थान मिळाले. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी युटीएफ-८ ही मांडणी रचली. तीत ‘म’ म्हणजे २२४, १६४ व १७४ हे तीन अंक.

परंतु फाइल पाठविणारा सर्व्हर संकेताचे नावही कळवू शकतो. ते न कळविल्यास मजकूर पश्चिम युरोपच्या लॅटिन संकेतातला मानावा, असे १९९९ च्या एचटीटीपी नियमांत होते. मग ‘म’च्या जागी तिरकस रेघेचा रोमन ‘ए’, चलनाची खूण आणि नोंदणीचे वर्तुळ उमटे! २०१४ मध्ये हा नियम वगळला गेला. तथापि सर्व्हरने चुकीचे नाव सांगितले, तर पानात लिहिलेले खरे नावही सामान्यतः व्यर्थ ठरते.

मोडी कागद बालबोध समजून वाचला, तर दोष कागदाचा नव्हे. मजकूर जपणाऱ्याने त्याच्या लिपीचे नावही जपले पाहिजे.