पाठलागाची कादंबरी

पाठलागाची कादंबरी : विकृत ध्यासाने पछाडलेल्या व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीचा सतत माग काढणे, तिच्यावर पाळत ठेवणे व तिच्या जीवनाचा ताबा घेऊ पाहणे, हा ज्या कादंबऱ्यांचा केंद्रविषय असतो, त्यांचा वर्ग. मानसशास्त्रीय थरारकादंबरीचा हा एक प्रकार होय. रहस्यकथेत गुन्हा कोणी केला, हे कोडे असते. येथे पाठलाग करणारा कोण, हे बहुधा आरंभीच कळते आणि त्याच्या मनाचे व्यापार हाच कुतूहलाचा विषय होतो. त्यामुळे कथा कोणाच्या मुखाने सांगितली जाते, या प्रश्नाला या प्रकारात विशेष महत्त्व आहे. त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी निवेदकाच्या बदलत गेलेल्या स्थानाचा इतिहास आहे.

इंग्रज विचारवंत विल्यम गॉडविन (१७५६–१८३६) याच्या केलेब विल्यम्स (१७९४) या कादंबरीत या प्रकाराची पूर्वचिन्हे दिसतात. आपला धनी फॉकलंड याने खून केला असल्याचे तरुण चिटणीस केलेब अनावर जिज्ञासेपोटी शोधून काढतो आणि त्यानंतर फॉकलंड त्याला देशभर कोठेही स्वस्थ राहू देत नाही. गॉडविनने ही कथा प्रथम तृतीयपुरुषी निवेदनात लिहावयास घेतली होती. परंतु ते असमाधानकारक वाटल्याने त्याने ती केलेबच्याच तोंडी घातली, असे त्याने १८३२ मध्ये एका प्रस्तावनेत नमूद केले आहे. येथे निवेदक हा पाठलागाचा बळी आहे आणि संपत्ती, प्रतिष्ठा व न्यायसंस्था या पाठलाग करणाऱ्याच्या बाजूच्या आहेत. एडगर ॲलन पो (१८०९–४९) याच्या द मॅन ऑफ द क्राउड (१८४०) या कथेत ही मांडणी उलटली. लंडनच्या गर्दीत दिसलेल्या एका अनोळखी वृद्धामागे निवेदक स्वतःच रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही भटकत राहतो. महानगरातील अनामिकतेमुळेच असा पाठलाग शक्य होतो, हे या कथेतून सूचित होते. डॉस्टोव्हस्कीच्या द इटर्नल हज्बंड (इं. भा.; मूळ रशियन १८७०) या लघुकादंबरीत मृत पत्नीच्या पूर्वीच्या प्रियकराभोवती घोटाळणारा पती आढळतो. त्याच्या वागण्यात द्वेष व आसक्ती एकमेकांपासून वेगळ्या करता येत नाहीत.

फ्रेंच मनोविकारतज्ञ गाएताँ द क्लेरांबो (१८७२–१९३४) याने १९२१ मध्ये एका भ्रमविकाराचे सविस्तर वर्णन केले. या विकारात एखादी उच्चपदस्थ व्यक्ती आपल्यावर गुप्तपणे प्रेम करते, अशी रुग्णाची अढळ समजूत असते. पंचम जॉर्ज आपल्यावर अनुरक्त असून राजवाड्याच्या खिडक्यांचे पडदे हलवून खुणा करतो, असे मानणारी एक फ्रेंच स्त्री त्याच्या रुग्णांमध्ये होती. नकार हाही होकाराचाच संकेत मानला जातो, हे या विकाराचे लक्षण कादंबरीकारांना पुढे फार उपयोगी पडले.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन लेखिका पट्रिशिया हायस्मिथ (१९२१–९५) हिने या प्रकाराला निश्चित रूप दिले. तिच्या धिस स्वीट सिकनेस (१९६०) या कादंबरीचा नायक, दुसऱ्याशी विवाह केलेल्या प्रेयसीसाठी खोट्या नावाने घर विकत घेतो आणि ती तेथे राहत असल्याच्या कल्पनेत रमतो. द क्राय ऑफ द आउल (१९६२) मध्ये एका तरुणीला खिडकीतून चोरून न्याहाळणारा पुरुष पुढे स्वतःच छळाचा बळी होतो. दोन्ही कादंबऱ्यांत निवेदन तृतीयपुरुषी असले, तरी वाचक बव्हंशी पाळत ठेवणाऱ्याच्याच मनात वावरतो.

जॉन फाउल्स (१९२६–२००५) या इंग्रज लेखकाची द कलेक्टर (१९६३) ही कादंबरी या परंपरेतील सर्वांत महत्त्वाची होय. नगरपालिकेच्या कचेरीतील कारकून फ्रेडरिक क्लेग हा फुलपाखरांचा संग्राहक असतो. मिरांडा ग्रे या कलाविद्यार्थिनीवर तो दीर्घकाळ नजर ठेवून असतो. फुटबॉलच्या पैजेत मोठी रक्कम मिळाल्यावर तो एकाकी जागी घर घेतो आणि तिला पळवून तळघरात कोंडतो. पहिल्या भागात क्लेग स्वतःची कृत्ये सौम्य, सभ्य शब्दांत सांगतो. त्याला नुसते जवळ बाळगणे हवे असते आणि त्यालाच तो प्रेम समजतो. दुसऱ्या भागात मिरांडाच्या रोजनिशीतून तेच दिवस पुन्हा समोर येतात आणि आधीच्या निवेदनातील समंजसपणाचा बुरखा गळून पडतो. ती न्यूमोनियाने मरते. शेवटी क्लेगची नजर दुसऱ्या मुलीकडे वळलेली दिसते. क्लेगची दुष्टता ही बऱ्याच अंशी अपुऱ्या शिक्षणाची व क्षुद्र परिस्थितीची निष्पत्ती आहे, अशी भूमिका फाउल्सने पुढे मांडली. मिरांडालाही त्याने निर्दोष रंगविलेले नाही. तिच्यातील वर्गीय अहंतेची जाणीव वाचकाला होते. विल्यम वायलरने या कादंबरीवर १९६५ मध्ये चित्रपट काढला. एका अमेरिकन खुन्याने १९८० च्या दशकात आपल्या अपहरणाच्या योजनेला मिरांडाचे नाव दिले. रोजनिशी वगळून केवळ क्लेगचेच म्हणणे ऐकणारा वाचकही असू शकतो, हे या घटनेवरून दिसते.

नंतरच्या काळात स्टीव्हन किंगच्या मिझरी (१९८७) मध्ये लेखकाला डांबून ठेवणारी त्याचीच चाहती आढळते. इअन मॅक्यूअनच्या एन्ड्युअरिंग लव्ह (१९९७) मध्ये निवेदन पुन्हा बळीकडे आले. एका फुगा-अपघाताच्या वेळी भेटलेला तरुण निवेदकाच्या मागे लागतो. पोलीस त्याची तक्रार गंभीरपणे घेत नाहीत आणि पत्नीलाही त्याचा संशय येतो. पुस्तकाच्या परिशिष्टात क्लेरांबोच्या विकारावरील एक काल्पनिक शास्त्रीय निबंध आहे. तो खरा समजून काही समीक्षकही फसले. कॅरोलाइन केप्नेसच्या यू (२०१४) मध्ये मारेकरी प्रियकर पीडितेला ‘तू’ असे संबोधून कथा सांगतो. समाजमाध्यमांमुळे त्याला पाळतीसाठी घराबाहेर पडण्याचीही फारशी गरज उरत नाही.

कायद्याने हा प्रकार उशिरा ओळखला. सुटे पाहिल्यास पाठलागातील प्रत्येक कृती – वाट पाहणे, पत्र धाडणे, मागे चालणे – निरुपद्रवी भासते. तिचा अर्थ पुनरावृत्तीतून प्रकट होतो. कॅलिफोर्नियात १९९० मध्ये अमेरिकेतील अशा स्वरूपाचा पहिला कायदा झाला. इंग्लंडमध्ये छळविरोधी कायदा १९९७ मध्ये आला. भारतात २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम समाविष्ट झाले. स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दर्शविल्यावरही पुरुषाने तिचा वारंवार पाठलाग करणे, तसेच तिच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणे, हा त्यानुसार गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे.

मराठी वृत्तपत्रांत अशा गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘एकतर्फी प्रेमातून’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. त्यात घटनेला दिलेले नाव पाठलाग करणाऱ्याच्या बाजूचे असते. जिचा पाठलाग झाला, तिच्या लेखी ते प्रेम कधीच नसते. क्लेगचे निवेदनही नेमके याच शब्दाच्या आधाराने उभे आहे. पाठलाग करणाऱ्याचे मन उलगडून दाखवताना त्याची भाषा मात्र खरी न मानणे, ही या प्रकारातील श्रेष्ठ कादंबऱ्यांची कसोटी होय.