बक्षिसाचे अर्धे पाकीट

मी शाळेत असताना माझे मामू मला मालवणहून एका बुद्धिबळ स्पर्धेला घेऊन गेले होते. गावाचे आणि आयोजकांचे नाव सांगत नाही, कारण तेव्हा असे कुठेही घडत असे. मामू तिसरे आले. पाकीट उघडले तर पत्रकावर छापलेल्या रकमेच्या निम्मेच पैसे. "प्रवेशिका कमी आल्या," एवढेच कारण दिले. पहिल्या आलेल्या खेळाडूलाही तसेच अर्धे पाकीट मिळाले होते. मामूंनी विचारायचा प्रयत्न केला, तेव्हा उत्तर आले, "चाचा, पुढच्या वर्षी खेळायचंय ना?" सगळे विजेते चिडले होते, पण प्रत्येक जण एकेकटा चिडला आणि एस.टी.त बसून घरी गेला. घरी नानीने विचारले, "खेळान पोट भरता काय रे?"

नानीचा प्रश्न चुकीचा नव्हता. बुद्धिबळाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा दिसले की हा प्रश्न हजार वर्षे जुना आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक काळ एकच होते : भरते, पण दुसऱ्याच्या मर्जीने.

दहाव्या शतकातल्या बगदादचा अबू बक्र अस-सूली हा आपल्या काळातला शतरंजचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. खलिफा अल-मुक्तफीच्या दरबारात त्याने अल-मावर्दी या तेव्हाच्या नामवंत खेळाडूला हरवले. शतरंजवर पुस्तके लिहिली. तरीही खलिफा अर-राजी इ.स. ९४० मध्ये वारले आणि दरबारातली हवा फिरली, तेव्हा त्याला बगदाद सोडावे लागले. बसऱ्यात हलाखीत त्याचा शेवट झाला.

हजार वर्षांनी पंजाबातल्या मीर सुलतान खान यांची कहाणीही फार वेगळी नाही. मिठा टिवाणा गावचे हे गृहस्थ सर उमर हयात खान टिवाणा यांच्या आश्रयाने १९२९ मध्ये इंग्लंडला पोहोचले. हिंदुस्थानी पद्धतीचा खेळ खेळत मोठे झालेला हा माणूस युरोपी नियम उशिरा शिकला आणि तरी त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जला त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. १९३३ मध्ये ब्रिटनची महिला विजेती ठरलेली फातिमा हीही याच टिवाणा परिवारातली. इंग्रजी लिखाणात सुलतान खान यांना वारंवार 'नोकर' म्हटले गेले. त्यांच्या वारसांना हा शब्द मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. पण एवढे खरे की १९३३ च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले आणि सुलतान खान यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच थांबली. १९३५ मध्ये त्यांनी व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डाव खेळले, एक बरोबरीत सुटला, बाकीचे सगळे जिंकले. तेव्हा खेळ शाबूत होता. खेळायला पाठवणारे कोणी नव्हते. १९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, पहिले २७ ग्रँडमास्टर जाहीर केले, त्यात त्यांचे नाव नव्हते. १९६६ मध्ये ते वारले. मानद ग्रँडमास्टर किताब दिला गेला २०२४ मध्ये.

नवाब गेले, दरबार गेले; त्यांच्या जागी महासंघ आले. नियम आले, ही चांगली गोष्ट. पण नियम करणारा एक आणि पाळणारा दुसरा, ही व्यवस्था तशीच राहिली. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. रोहिणीताई जिंकल्या, त्याचा फायदा पुढच्या सगळ्या मुलींना झाला. पण त्यांचे वडील नीळकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक होते. ज्या मुलीच्या पाठीशी संपादक वडील नाहीत, तिने कोणाकडे जायचे?

यावर एक उत्तर १९९३ मध्ये पुढे आले. कास्पारोव्ह आणि नायजेल शॉर्ट यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचे ठिकाण आणि बक्षिसाची रक्कम फिडेने खेळाडूंना न विचारता ठरवली. दोघे बाहेर पडले आणि प्रोफेशनल चेस असोसिएशन काढली. १९९५ मध्ये आपला विश्वनाथन आनंद न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये कास्पारोव्हशी जगज्जेतेपदासाठी खेळला तो याच संघटनेचा सामना. तक्रार रास्त होती, पण संघटना दोन बड्यांची होती आणि पैसा मुख्यतः इंटेल कंपनीचा. कंपनीने हात काढला आणि संघटना विरली. खलिफाच्या जागी कंपनी आली होती, एवढाच फरक.

त्यातून धडा घेऊन २००३ मध्ये असोसिएशन ऑफ चेस प्रोफेशनल्स उभी राहिली. फ्रान्सचे ग्रँडमास्टर जोएल लोतिए तिचे पहिले अध्यक्ष. जगज्जेतेपदाची गादी वाटून घेण्यासाठी ती नव्हती. व्यावसायिक खेळाडूंनी सभासद व्हायचे, वर्गणी भरायची, आपले पदाधिकारी निवडायचे आणि वेळेचे नियम, करार, बक्षिसे यांवर महासंघाशी बोलायचे, असा साधा मामला. तिची ताकद मोठी आहे असे मी म्हणणार नाही. पण पत्रावर सही एकट्याची नसते, हे तिने बुद्धिबळात आणले.

आपल्याकडे काय? अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ आपल्या मान्यतेबाहेरच्या स्पर्धांत खेळणार नाही असे खेळाडूंकडून लिहून घेत असे, आणि जे खेळले त्यांच्यावर कारवाई करत असे. याविरुद्ध चार खेळाडू २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले. हा आयोग एरवी सिमेंट कंपन्यांच्या संगनमतासारखी प्रकरणे पाहतो. जुलै २०१८ मध्ये निकाल लागला : महासंघाने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला, दंड ६ लाख ९२ हजार रुपये. या निकालात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की खेळणे हेही काम आहे आणि त्याची अडवणूक म्हणजे रोजीची अडवणूक, असा त्याचा अर्थ निघतो. नानीच्या प्रश्नाला मिळालेले हे सरकारी उत्तर. पण चौघांना त्यासाठी सात वर्षे लागली. खेळाडूच्या उमेदीची सात वर्षे म्हणजे किती, ते खेळणाऱ्याला विचारा.

आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. जाळे एकाचे नसते, घराघरांतून आलेले तुकडे जोडून ते होते. दोर दोन्ही बाजूंनी माणसे धरतात आणि मासळीचे वाटे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतात. कमी मिळाले तर का कमी, हे तिथेच वाळूवर विचारता येते. मामूंचे सगळे शेजारी हे जाणत होते, मामूही जाणत होते. पण पटावर बसलेला माणूस एकटा असतो आणि उठल्यावरही तो एकटाच राहतो. प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी करून आयोजकापुढे उभे राहावे, हे त्याला सुचत नाही.

आज सिंधुदुर्गातली मुले मानांकन स्पर्धा खेळतात, आईबाप कर्ज काढून त्यांना गोव्याला, पुण्याला पाठवतात. त्यांना माझे एवढेच सांगणे : कुठल्याही अर्जावर सही करण्याआधी तो वाचा. आणि पाकीट अर्धे निघाले, तर एकट्याने विचारायला जाऊ नका. ज्याच्याशी नुकताच डाव हरलात, त्यालाही बरोबर घेऊन जा.