दिल्लीची कावीळ (१९५५-५६) आणि ‘शुद्ध’ पाण्याची कल्पना

१९५५ च्या डिसेंबरात दिल्ली शहरात काविळीची साथ सुरू झाली आणि १९५६ च्या जानेवारी अखेरीस ती ओसरली. रोगविज्ञानाच्या ग्रंथांत या साथीचा उल्लेख आजही होतो. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या इतिहासात मात्र तिचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. ज्या काळात या साथीचे बीज रुजले, त्याच काळात शहराचे पाणी नेहमीपेक्षा अधिक काळजीने शुद्ध केले जात होते. हा विरोधाभास कसा उद्भवला आणि ‘शुद्ध पाणी’ या शब्दप्रयोगाच्या आशयावर त्याचा कोणता प्रकाश पडतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम स्थळाची माहिती घेणे अवश्य आहे. दिल्लीच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः वजिराबाद येथे यमुनेतून उचलले जात असे. उचल-केंद्राच्या थोडे खाली नजफगढ नाला नदीस मिळतो. शहराचे सांडपाणी वाहून आणणारा हा नाला प्रवाहाच्या खालच्या अंगास असल्यामुळे त्याच्यापासून नळाच्या पाण्यास भय नाही, असे गृहीत धरलेले होते. नदीचे पात्र स्थिर राहील, हे या व्यवस्थेचे अनुक्त प्रमेय होय. १९५५ च्या पावसाळ्याअखेरच्या पुरानंतर यमुनेने आपला ओघ बदलला. परिणामी नोव्हेंबरच्या मध्यास सुमारे आठवडाभर नाल्याचे पाणी उलट दिशेने सरकून उचल-केंद्रापर्यंत पोहोचले.

हे कोणाच्याच ध्यानात आले नाही, असे मात्र नाही. पाणी बिघडल्याचे केंद्रावरील अधिकाऱ्यांनी ओळखले व तुरटीचे आणि क्लोरीनचे प्रमाण वाढविले. तत्कालीन ज्ञानाच्या मर्यादेत हा उपाय योग्यच होता आणि तो एका अर्थी सफलही झाला. इतके सांडपाणी नळांत शिरूनही विषमज्वर किंवा आमांश यांच्या रुग्णांत वाढ झाली नाही. जिवाणूंपुरते पाहता शुद्धीकरणाने आपले काम चोख बजावले होते.

परंतु काही आठवड्यांनी कावीळ प्रकट झाली. दूषित पाणी पोटात गेल्यापासून रोगाची लक्षणे दिसू लागेपर्यंत सरासरी सहा आठवडे लागतात. म्हणूनच नोव्हेंबरातील कारणाचे कार्य डिसेंबर-जानेवारीत दिसले. नमुना-पाहणीच्या आधारे केलेल्या गणनेप्रमाणे, प्रत्यक्ष कावीळ झालेल्या रुग्णांची संख्या अंदाजे २९,३०० भरली. डॉ. आर. विश्वनाथन यांनी या साथीचा अभ्यास करून १९५७ साली त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यातील दोन निरीक्षणे विशेष लक्षणीय आहेत. एक म्हणजे, रोगाचा जोर मुलांपेक्षा तरुण प्रौढांत अधिक होता. दुसरे म्हणजे, गरोदर स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून बरेच जास्त होते.

काविळीचा तेव्हा परिचित असलेला संसर्गजन्य प्रकार मुख्यतः मुलांत आढळे. त्यामुळे ही निरीक्षणे त्याच्याशी नीट जुळत नव्हती. तथापि त्या विसंगतीचा उलगडा होण्यास सुमारे पाव शतक जावे लागले. दिल्लीच्या साथीतील रुग्णांची रक्तद्रव्ये जतन करून ठेवलेली होती. त्यांची नव्या कसोट्यांनी तपासणी होऊन १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हा रोग ‘अ’ अथवा ‘ब’ यांपैकी कोणत्याही ज्ञात विषाणूचा नाही, असे त्यांवरून दिसून आले. या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांचाही सहभाग होता. १९७८ च्या काश्मीरमधील साथीच्या अभ्यासातूनही याच दिशेचा पुरावा मिळाला. आज आपण या विषाणूस ‘हेपटायटिस ई’ म्हणून ओळखतो.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘शुद्ध’ हे ‘शुध्’ धातूचे क्त-प्रत्ययान्त रूप आहे. पूर्ण झालेल्या क्रियेचा निर्देश करणे हे त्याचे मूळ कार्य. जे शोधले गेले, ज्यातील मळ काढला गेला, ते शुद्ध. कशापासून शोधले गेले, हे तो शब्द स्वतः सांगत नाही. ‘निर्मळ’, ‘निर्जंतुक’ यांसारख्या शब्दांत काय वगळले आहे याचा उच्चार तरी असतो. ‘शुद्ध’ शब्दात तो नाही. आणि व्यवहारात तर क्रियेचा अर्थ लोपून तो वस्तूच्या अंगभूत गुणाचा वाचक झाला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाण्याची शुद्धता म्हणजे, विष्ठेच्या संसर्गाची खूण समजल्या गेलेल्या विशिष्ट जिवाणूंचा अभाव, असा संकेत शास्त्रात रूढ होता. नागरिकांच्या मनात मात्र त्या शब्दाचा अर्थ ‘निर्धोक’ असा होता. १९५५ च्या नोव्हेंबरात या दोन अर्थांमध्ये जी फट पडली, तिच्यातून रोग आत आला. खूण म्हणून मोजलेला जिवाणू क्लोरीनने मरत होता. न मोजलेला विषाणू अधिक चिवट होता, आणि सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य व अमोनिया यांच्याशी संयोग पावून क्लोरीनचे बळही घटलेले होते.

पेयजलाच्या आजच्या भारतीय मानकात या भेदाची नोंद आढळते. ग्राहकाच्या नळाशी मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे ते सांगते. मात्र विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे हेच प्रमाण किमान ०.५ मिलिग्रॅम असावे, असेही ते बजावते. शुद्धतेची एकच पातळी सर्व भयांना पुरत नाही, ही जाणीव या दोन आकड्यांत आहे. तरीही २०१२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे याच विषाणूने साथ घडवून आणली. यावरून मानक लिहिले जाणे आणि ते प्रत्येक नळापर्यंत पोहोचणे यांतील अंतर दिसून येते.

विहिरीवरचा मनुष्य पाणी डोळ्यांनी पारखून आणि चाखून घेत असे. त्याची पारख अपुरी असली तरी ती त्याच्या हाती होती. नळाने ती परीक्षा प्रयोगशाळेकडे सोपविली आणि नागरिकाच्या हाती केवळ एक विशेषण उरले. म्हणूनच पाणी ‘शुद्ध’ असल्याचे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते कशापासून, कोणत्या कसोटीने आणि कोणत्या ठिकाणी तपासून, हे विचारण्याचा नागरिकाचा अधिकार मान्य व्हावयास हवा. वजिराबादच्या अधिकाऱ्यांस कर्तव्यच्युत म्हणता येणार नाही. त्यांच्या कसोटीच्या कक्षेबाहेर काय राहिले होते, हे सांगणारे शास्त्रच तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. आज ते सिद्ध आहे. त्यामुळे आपली जबाबदारी त्यांच्याहून अधिक आहे.